गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस

सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग धुळे सोडून पूर्वेला निघाला की पारोळ्यानंतर एरंडोल लागतं. तिथून जळगाव तीसेक किलोमीटर. अंजनी नदीकाठचं हे तालुक्याचं गाव वरवर पाहता खानदेशातल्या कुठल्याही गावासारखं आहे: कापसाच्या गाड्या, बी-बियाण्यांची दुकानं, स्टँडसमोर चहा-भज्यांच्या टपऱ्या. पण या गावाच्या मनात एका गोष्टीबद्दल तिळमात्र शंका नाही. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. लाक्षागृहातून जीव वाचवून निसटलेले पाच पांडव आईसह, ब्राह्मणाच्या वेशात, भिक्षा मागून राहिले ते इथेच. आणि भीमानं बकासुराला लोळवलं ते इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या पद्मालयाच्या रानात.

पद्मालय पाहायला लोक जातात ते गणपतीसाठी. डोंगरावर दगडी देऊळ, शेजारी कमळांनी भरलेलं तळं, भोवती साग. गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती, एक डाव्या सोंडेची आणि एक उजव्या. त्यातली एक सहस्रार्जुनाला प्रसन्न झालेली आणि दुसरी शेषाला, असं स्थळमाहात्म्य सांगतं. हा सहस्रार्जुन म्हणजे माहिष्मतीचा कार्तवीर्य. त्यानं खुद्द रावणाला पकडून कैदेत ठेवल्याची कथा रामायणाच्या उत्तरकांडात आहे. देवळापासून थोडं आत रानात गेलं की भीमकुंड. बकाला मारून दमलेल्या भीमाला तहान लागली, त्यानं कोपर जमिनीवर मारलं आणि पाणी लागलं, अशी त्याची जन्मकथा. गणपतीला देऊळ आहे, भीमाला कुंड आहे, पांडवांच्या नावानं गावात वाडा आहे. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या बकासुराच्या नावानं मात्र इथे एक दगडही नाही.

हे थोडं अन्यायाचंच म्हणायचं. कारण व्यासांनी रंगवलेला बक आपल्या लहानपणच्या चित्रमय गोष्टींतल्या शिंगवाल्या, सुळेवाल्या राक्षसाहून फार वेगळा आहे. तो राजा आहे.

आदिपर्वातल्या बकवधाच्या प्रकरणांत कुंती आपल्या यजमान ब्राह्मणाला विचारते, की तुमच्या घरात ही रडारड कशाची? त्यावर ब्राह्मण जे सांगतो ते एखाद्या करारनाम्यासारखं आहे. गावाजवळ बक नावाचा राक्षस राहतो. तोच या प्रदेशाचा आणि नगराचा स्वामी आहे. तो बलवान असल्यामुळे परक्या सैन्याची किंवा भुताखेतांची आम्हाला भीती नाही. त्याबद्दल त्याचं वेतन ठरलेलं आहे: गाडाभर साळीचा भात, दोन रेडे, आणि ते घेऊन जाणारा माणूस. घरोघरी पाळी लागते. बऱ्याच वर्षांनी एकेका घराची पाळी येते, पण चुकत कुणाचीच नाही. पाळी चुकवायचा प्रयत्न केला तर बक त्या माणसाला बायकापोरांसकट खातो.

संरक्षण, त्याचा मोबदला, वसुलीची पाळी आणि न दिल्यास जप्ती, असा हा सगळा कारभार आहे. पुढचं वाक्य तर त्याहून बोचरं. या प्रदेशाला एक रीतसर राजाही आहे, असं ब्राह्मण सांगतो. तो वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो. त्याला नीती कळत नाही, प्रजेला या संकटातून सोडवण्याचा काही उपाय तो करत नाही. आणि अशा दुबळ्या राजाच्या राज्यात आम्ही राहतो, तेव्हा आमच्या वाट्याला हेच यायचं! माणसानं आधी चांगला राजा गाठावा, मग बायको, मग धन; मी तिन्ही उलट्या क्रमानं मिळवलं, असं तो हताशपणे म्हणतो. हे गाव सोडून जाऊ म्हणून आपण बायकोला पूर्वीच किती वेळा विनवलं होतं, पण इथेच जन्मले, इथेच वाढले, बापाचं गाव आहे, म्हणून तीच हटली नाही, हेही तो तिला ऐकवून घेतो. नवरा-बायकोच्या भांडणाचा हा सूर इतका ओळखीचा आहे, की क्षणभर पुराण विसरायला होतं.

म्हणजे एकचक्रेत दोन राजे आहेत. एक कागदोपत्री, दूर कुठेतरी बसलेला; दुसरा खरा, गावाबाहेर रानात. पहिला काही देत नाही, दुसरा देतो पण त्याची किंमत वसूल करतो. व्यासांचा राग या दोघांपैकी कुणावर अधिक आहे, याचा विचार केला तर उत्तर चटकन देता येत नाही.

कुंती विचारायला येण्याआधी त्या घरात कुणी जायचं यावरून जो वाद होतो तो महाभारतातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक आहे आणि कीर्तनकारांनी तो कधी सोडला नाही. बाप म्हणतो मी जातो. आई म्हणते, तुम्ही गेलात तर मी या पोरांना कशी वाढवू, त्यापेक्षा मी जाते. शिवाय बाई म्हटल्यावर राक्षस कदाचित मारायचाही नाही. मुलगी म्हणते, मला एक ना एक दिवस तुम्ही परक्या घरी देणारच आहात, तर आत्ताच द्या. तिघंही रडत असताना धाकटं पोर, ज्याला अजून धड बोलता येत नाही, गवताची काडी उचलून म्हणतं, मी या काडीनं राक्षसाला मारीन. सगळ्या दुःखात त्या घराला हसू फुटतं. नेमकी हीच वेळ साधून कुंती आत येते.

ती सांगते, माझे पाच मुलगे आहेत, त्यातला एक जाईल. यजमान आधी नाही म्हणतो, पाहुण्याचा जीव घेऊन आपला वाचवायचा हे पाप त्याला नको असतं. नंतर युधिष्ठिरही आईवर चिडतो. ज्या भीमाच्या बळावर आपण राज्य परत मिळवायची स्वप्नं पाहतो त्यालाच तू पणाला लावलंस? कुंतीचं उत्तर स्वच्छ व्यवहाराचं आहे: ज्या घरात आपण सुखानं राहिलो त्याचं ऋण फेडायचं, आणि भीमाचं बळ मी जन्मापासून पाहिलेलं आहे. या कुटुंबात रोजची भिक्षा दोन भागांत वाटली जायची. अर्धी एकट्या भीमाला आणि अर्धी बाकीच्या पाचांना. तेव्हा गाडाभर भाताची बातमी ऐकून भीमाला नक्की कशाचा आनंद झाला असेल, युद्धाचा की जेवणाचा, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आपोआप येतो, आणि व्यासांनाही तो येऊ द्यायचाच आहे.

कारण भीम रानात पोचतो आणि बकाला नावानं हाक मारून स्वतःच जेवायला बसतो. बक रागानं धावत येतो, दोन्ही हातांनी पाठीवर तडाखे घालतो. भीम मागे वळूनही पाहत नाही. बक झाड उपटून आणतो, तरी जेवण चालूच. सगळं संपवून, हात-तोंड धुऊन, मग तो उठतो. झाडांची फेकाफेक होते, कुस्ती होते आणि शेवटी भीम गुडघ्यानं त्याची पाठ मोडतो. खानदेशात हा गाडा भरायचा असता तर भाताऐवजी कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि खापरावरचे पुरणाचे मांडे रचावे लागले असते. मग बकानं कितीही मारलं तरी भीम उठला नसता, हे इथल्या कुणालाही पटेल.

गोष्ट इथे संपत नाही. बकाचे नातेवाईक आणि चाकर आवाज ऐकून बाहेर येतात. भीम त्यांना मारत नाही. माणसं खायची नाहीत, नाहीतर अशीच गत होईल, एवढी अट घालतो. ते मान्य करतात आणि तेव्हापासून तिथले राक्षस शांत झाले, असं महाभारत म्हणतं. प्रेत ओढत नेऊन भीम ते नगराच्या वेशीत टाकतो आणि गुपचूप घरी येतो. सकाळी गाव जमतं. पाळी कुणाची होती याची चौकशी होते. ब्राह्मण सांगतो, एका मंत्रसिद्ध ब्राह्मणानं माझी दया येऊन हे काम केलं. भीमाचं नाव गुलदस्त्यात राहतं. गाव उत्सव करतं तो त्या अज्ञात ब्राह्मणाच्या निमित्तानं. म्हणजे मूळ कथेप्रमाणे एकचक्रेच्या लोकांना आपल्याला कुणी वाचवलं हे कळलंच नव्हतं. एरंडोलकरांना ते आज चांगलं ठाऊक आहे.

आता भूगोलाचं. खरं सांगायचं तर महाभारताची वाट खानदेशातून जात नाही. वारणावतातून निघालेले पांडव गंगा ओलांडतात, हिडिंबेच्या रानातून जातात, मत्स्य, त्रिगर्त, पांचाल हे देश पाहत एकचक्रेला पोचतात आणि तिथून द्रौपदीच्या स्वयंवराला पांचालात जातात. हा सगळा टापू उत्तरेतला. एवढ्यात मध्येच तापीचं खोरं गाठून परत फिरणं भीमाला जमलं असतं, कुंतीला नाही. आणि दावेदार एकटं एरंडोल नाही. भारतीय पुरातत्त्वाचा पाया घालणाऱ्या अलेक्झांडर कनिंगहॅमनं बिहारमधल्या आऱ्याला एकचक्रा ठरवलं होतं. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात एकचक्रा नावाचं गावच आहे, चैतन्य महाप्रभूंचे सहकारी नित्यानंद तिथले. त्याच बंगालात गडबेट्याजवळच्या गनगनीची लाल मातीची घळ भीम-बकाच्या झुंजीत तयार झाली म्हणतात. कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातलं कैवारही स्वतःला एकचक्रपूर म्हणवतं आणि तिथल्या डोंगराखाली बक गाडला गेल्याचं सांगतं.

एवढ्या गावांना पाहुणे म्हणून पांडव हवे असतील हे समजण्यासारखं आहे. पण वनवासी पांडवांच्या खुणा देशात हजारो ठिकाणी आहेत. लेण्यांना पांडवलेणी म्हणायला काही लागत नाही. बकासुर सांगायला मात्र गावाजवळ काहीतरी कारण असावं लागतं. खानदेशात ते कारण काय असावं, याचं उत्तर पुराणात शोधण्यापेक्षा इथल्या वसुलीच्या इतिहासात शोधणं जास्त फायद्याचं आहे.

पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत या प्रांताचे जे हाल झाले ते सांगायला वेगळ्या राक्षसाची गरज नव्हती. होळकरांच्या फौजांची धामधूम आणि तिच्यामागोमाग 1803 चा दुष्काळ, यांनी गावंच्या गावं ओस पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाची वसुली मक्त्यानं दिली जायची. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा, आणि त्यानं रयतेकडून किती काढायचं हे त्याच्या मर्जीवर. पुण्यातला राजा वेत्रकीयगृहातल्या राजाइतकाच दूर होता. अरब शिबंदी, पेंढारी आणि डोंगरातले नाईक यांचं वजन गावात जास्त. डोंगरकडेच्या गावांकडून भिल्ल नाईकांना आणि गिरासदारांना ‘गिरास’ नावाचा हक्क मिळत असे. लूट करायची नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायची नाही, याचा तो मोबदला. 1818 मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि पहिल्या काही वर्षांत या हक्कांचा निकाल कसा लावायचा यातच त्यांचा बराच वेळ गेला. शेवटी 1825 मध्ये जेम्स आउट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं, एरंडोलच्या अगदी शेजारी.

इथे एक सावधगिरी हवी. रानातल्या माणसाला राक्षस ठरवण्याची सवय आपल्या कथा-पुराणांना जुनी आहे, आणि ज्या भिल्लांच्या जमिनी-जंगलं आधी गेली त्यांना बकाच्या जागी बसवणं हा दुहेरी अन्याय होईल. नाईकाचा गिरास आणि बकाचा गाडा यांत साम्य आहे ते व्यवहाराचं. पण त्या व्यवहारात मक्तेदार, सावकार आणि पुढे कंपनी सरकारही होतं. 1852 मध्ये इंग्रजांची नवी जमीनमोजणी सावदा-फैजपूर भागात आली, तेव्हा आता सारा वाढणार या धास्तीनं शेतकरी हजारोंनी जमले आणि ते दडपायला लष्कर आणावं लागलं. त्या शेतकऱ्यांच्या लेखी बक कोण होता हे सांगायला नको. बकासुराची गोष्ट खानदेशात रुजली ती याच कारणानं असावी: इथल्या लोकांनी असुर राजाला कायम धान्याच्या मापानं मोजलेलं आहे. त्याची शिंगं किती आणि तोंडं किती हे दुय्यम. तो किती नेतो आणि किती ठेवतो, हे पहिलं.

बाकीचे असुर राजेही या भागाच्या वर्षात येऊन-जाऊन असतात. चैत्रात धुळे, जळगाव, नंदुरबारचे रस्ते वणीच्या गडाकडे चालणाऱ्या माणसांनी भरतात. सप्तशृंगीचं माहेर खानदेश, त्यामुळे चैत्री पौर्णिमेची यात्रा ही तिच्या माहेरच्या माणसांची. उन्हाचा पारा चाळिशीच्या वर, डांबर पायाला चिकटतंय, तरी पायी जायचं. अठरा हातांच्या या देवीनं मारलेला महिषासुर हाही राजाच, स्वर्ग जिंकून इंद्राला हाकलणारा. गडाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे रेड्याचं दगडी मस्तक आहे. देवीपर्यंत जाणारा प्रत्येक माणूस आधी त्या मस्तकापाशी पोचतो आणि बहुतेक जण तिथे हळद-कुंकू वाहून पुढे जातात. महिषासुर आणि गावोगावचा म्हसोबा यांचं नातं काय, यावर दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये 1962 साली लिहून ठेवलंय. त्यांच्या मते कित्येक ठिकाणी हा आधीचा, स्थानिक देव आहे आणि त्याला मारणारी देवी नंतरची. काही ठिकाणी तर दोघांचं लग्नही लावून दिलेलं त्यांना आढळलं.

खंडेरायानं मारलेले मणी आणि मल्ल हे दैत्य भाऊ तर मरतानाच तडजोड करून मोकळे झाले. मल्लानं आपलं नाव देवाच्या नावाला जोडून घेतलं, म्हणून मल्हारी. मणीनं देवाजवळ जागा मागितली, ती त्याला जेजुरीला मिळाली. त्यांच्या वधाचा दिवस मार्गशीर्षातली चंपाषष्ठी. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी त्या दिवशी भरीत होऊन ताटात परत येतात, आणि ज्या जिल्ह्याच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय त्या जळगावात या विधीचं महत्त्व धर्मापलीकडचं आहे हे वेगळं सांगायला नको.

पण दिवाळीचा खरा असुर बळी.

बळीची कथा बकाच्या बरोबर उलट्या बाजूनं चालते. बक घेतो म्हणून मेला. बळी देतो म्हणून पाताळात गेला. भागवताप्रमाणे बळीचा अश्वमेध चालू होता तो नर्मदेच्या उत्तर तीरावर, भृगुकच्छाजवळ, म्हणजे आजच्या भरूचपाशी. धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तर कडेनं वाहणारी नर्मदा पुढे तिथेच समुद्राला मिळते. या अर्थानं बळी खानदेशाचा शेजारी. बटू वामन तिथे येतो, तीन पावलं जमीन मागतो. शुक्राचार्य सावध करतात, हा विष्णू आहे, देऊ नकोस. बळी म्हणतो, शब्द दिला आहे. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपतात, तिसऱ्यासाठी तो डोकं पुढे करतो. मोबदल्यात त्याला सुतल मिळतं आणि विष्णू त्याच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहतो. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची राखण करावी, अशी दुसरी कथा पुराणांत शोधून सापडायची नाही.

केरळात ओणमला महाबली प्रजेला भेटायला येतो. आपल्याकडे तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेला येतो, आणि त्या दिवशी ओवाळताना बायका म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. या वाक्यातला विचित्रपणा सवयीनं आपल्याला जाणवेनासा झालाय. ज्या असुराला देवानं पाताळात घातलं त्याचंच राज्य परत यावं, असं देवभक्त घरातल्या बाया, देवासमोरच्याच दिव्यानं ओवाळताना मागतात. आणि यात कुणालाही वावगं वाटत नाही.

जोतीराव फुल्यांना यात फार मोठी गोष्ट दिसली. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी बळीला या भूमीचा मूळ, न्यायी राजा केलं आणि वामनाला बाहेरून आलेला कपटी. खंडोबा, म्हसोबा ही त्यांच्या मते बळीच्या राज्यातल्या अधिकाऱ्यांची नावं. महासुभ्याचा म्हसोबा झाला. इतिहास म्हणून हे टिकत नाही आणि पुरावा मागितला तर हाती काही लागत नाही. पण कुणब्याच्या घरातलं एक ओवाळणीचं वाक्य उचलून त्याचं राजकीय मागणीत रूपांतर करणं, हे ज्याला सुचलं त्याची नजर खरी होती. आ. ह. साळुंखे यांनी ‘बळीवंश’ लिहून हीच वाट पुढे नेली. खानदेशात ती वेगळ्या मार्गानं आली. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं. ज्या भागात 1852 मध्ये मोजणीविरुद्ध माणसं उठली होती, तिथेच जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली सारा, खंड आणि कर्जाच्या प्रश्नांवर ठराव झाले. त्या अधिवेशनासाठी गावोगाव राबणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले माजी शिक्षक. शेतकऱ्यांच्या राज्यासाठी रान उठवायचं त्यांचं गाणं नंतर महाराष्ट्रभर मोर्च्यांत म्हटलं गेलं. त्यांनी बळीचं नाव घेतलं नसेल, मागणं तेच होतं.

पुढे हे मागणं झिजलं. आज मराठी वर्तमानपत्रांत कापसाचा भाव पडला, केळीवर करपा आला, अवकाळी गारपीट झाली, की मथळा ठरलेला: बळीराजा हवालदिल. ज्याच्या राज्याची प्रार्थना करायची तो राजाच मदतीच्या पंचनाम्याची वाट पाहत तलाठ्याच्या दारात उभा. राजा म्हणायचं आणि रांगेत उभं करायचं, ही युक्ती वामनालाही सुचली नव्हती.

रावणाबद्दल खानदेशाचं मन दुभंगलेलं आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातली वाल्मीकी रामायणाची पोथी जपून ठेवलेली आहे; शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य वेचून जमवलेल्या संग्रहातलं ते सर्वांत मोठं धन. त्याच शहरात आणि जळगावातही दसऱ्याला रावणाचे पुतळे जळतात. आणि अलीकडे दसऱ्याच्या आधी महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत आदिवासी संघटनांची निवेदनं जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचतात, की रावण आमचा राजा आहे, त्याचं दहन बंद करा. शेजारच्या विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या पातूर तालुक्यात, सांगोळा गावात तर रावणाची दहा तोंडांची काळ्या दगडाची मूर्तीच आहे आणि गाव तिची पूजा करतं. साक्रीच्या पश्चिमेला, डांगाच्या कडेला राहणारे कोकणा लोक भवाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे एकाच रात्री, एकाच अंगणात नाचवतात. संबळ-सनईच्या त्या रात्रीत महिषासुराचं सोंग घेणाऱ्याला देवीच्या सोंगाइतकाच मान असतो.

पुन्हा एरंडोलकडे यायचं तर पांडववाड्याचं नाव टाळता येत नाही. दगडी चौक आणि कोरीव खिडक्यांची ही जुनी वास्तू 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. ती राज्याच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे आणि तिथे जुम्मा मशीद आहे. 1861 पासूनची कागदपत्रं आपल्याकडे असल्याचं मशिदीच्या ट्रस्टचं म्हणणं. वास्तूची घडण देवळाची आहे, असं पांडववाडा संघर्ष समितीचं. जुलै 2023 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी तिथल्या नमाजावर निर्बंध घालणारा अंतरिम आदेश काढला, त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्थगिती दिली आणि 2024 मध्ये दरवाजाच्या किल्ल्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वास्तू कुणी बांधली, कुणाच्या ताब्यात किती वर्षं होती, हे न्यायालय कागदांवरून ठरवील. पांडव तिथे राहिले होते का, हे मात्र कुठलंही न्यायालय ठरवू शकणार नाही. महाभारतानं त्यांना दुसऱ्याच्या घरी भाड्यानंसुद्धा नाही, आश्रयाला ठेवलं होतं. त्यांच्या मालकीचा वाडा एकचक्रेत नव्हताच.

बकासुर स्वतः या सगळ्या भांडणातून कधीच बाहेर पडलाय. गेल्या काही वर्षांत हे नाव महाराष्ट्रात सर्वांत जास्त गाजलं ते शर्यतीच्या एका बैलामुळे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, मे 2023 मध्ये कायदाही वैध ठरवला, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या घाटांवर ‘बकासुर’ नावाच्या बैलानं बक्षिसं आणि मोबाइलचे पडदे जिंकले. ज्या राक्षसाकडे गाडा ओढत नेणारे रेडे परत येत नसत त्याचं नाव आता गाडा ओढणाऱ्याच्या कपाळी आहे.

एरंडोल-पद्मालयला जायचं ठरवलं असेल तर पावसाळा संपता संपता जावं. तळ्यात पाणी असतं, कमळं असतात. जाण्याआधी पुण्याच्या भांडारकर संस्थेनं विष्णु सीताराम सुकथनकरांच्या संपादनाखाली काढलेलं आदिपर्व काढून 145 ते 152 हे आठ अध्याय वाचावेत, किंवा चिपळूणकर आणि मंडळीच्या मराठी भाषांतरात ते शोधावेत. भीमाची कुस्ती त्यात जेमतेम एका अध्यायाची आहे. उरलेल्या बहुतेक पानांवर एक सामान्य कुटुंब, आपल्याला असा राजा का मिळाला, यावर बोलत बसलेलं आहे.